आचळाचं फळ

घाटनांदूरच्या आमच्या अंगणात ते झाड आल्यापासून माझ्या डोक्याला घोर लागला होता. माझा नवरा इरशाद फळांचा गाडा लावतो. पुण्याच्या एका रोपवाटिकेतून त्यानं ते हौसेनं आणलेलं. जात वांग्याची, अंगभर काटे, आणि फळ पिवळंधमक, त्याला गाईच्या आचळासारखी पाच बोंडं. नुसतं शोभेचं, पोटात गेलं तर विष. येणाऱ्याजाणाऱ्याला मी ओरडून सांगायचे, "तोंडाला लावू नका, जहर हाय!" लोक हसायचे. पोरांनी फळं तोडू नयेत म्हणून ही भीती घालते, असंच त्यांना वाटायचं.

वसुबारसेला सकाळीच शेजारच्या वत्सलाकाकूंनी गाय-वासराच्या पूजेला दोन फळं मागितली. मी दिली. पूजेत ठेवायला काय हरकत?

दुपारी त्यांच्या सुनेला बघायला गेले. रोहिणी नुकतीच बाळंत झालेली, पण अंगावर दूध नव्हतं. बाळ भुकेनं रडून रडून थकायचं. दारातच पाटा दिसला, त्यावर पिवळी साल. आत रोहिणीच्या ओठाला वाटी.

धावत जाऊन मी वाटीला फटका मारला. रस भिंतीवर उडाला.

"अगं बया, प्रसाद सांडलास की!" काकू कडाडल्या. "गाईम्होरं ठिवलेलं फळ हाय. सुनंला दूध यावं म्हून वाटलं."

"काकू, जहर हाय ते!" मी रोहिणीचे खांदे गच्च धरले. "किती पिलीस?"

"न्हाई भाभी, आताच ओठाला लावलं होतं."

माझ्या जिवात जीव आला आणि लगेच डोकं भडकलं. "काकू, अक्कल गहाण ठिवली का तुमी? निदान पारखून तरी बघायचं!"

"बघितलं की. सकाळीच वाटीभर म्या पिले. न पारखता लेकराच्या आईला देईन व्हय?"

मी काकूंकडे वळले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. कपाळावर घाम डवरलेला.

"जरा पोटात ढवळतंय," त्या म्हणाल्या. "उपास हाय ना."

एवढं बोलून त्या भिंतीला धरून खाली बसल्या आणि भडाभडा ओकल्या.

इरशादनं फळांच्या टेम्पोतून त्यांना अंबाजोगाईच्या दवाखान्याकडे नेलं. डोकं माझ्या मांडीवर होतं. अर्ध्या रस्त्यात त्यांनी डोळे किलकिले केले.

"फरीदा, रोहिणीचे ओठ पुसलेस का गं? लेकराचा मुका घेती ती सारखी."

मी "व्हय" म्हणाले. पुसले नव्हते. लगेच फोन काढून रोहिणीचा नंबर लावला, पण लागेना.