पिठाच्या डब्याचं झाकण

शेवटच्या साध्या दिवशी आईबाबांचं भांडण झालं ते पिठाच्या डब्याच्या झाकणावरून. ते रोजच व्हायचं, म्हणून तर तो दिवस साधा.

"घेऊन चाललात ना झाकण पुन्हा?" आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "पिठाला मुंग्या लागल्या की मुंग्यांसकट खा."

"ताटली ठेव की वर. ताटलीला काय धाड भरलीय?" बाबा म्हणाले आणि एका हातात स्टूल, दुसऱ्या हातात ते लाल झाकण घेऊन जिना उतरले.

"नोकरी सुटली, पण यांची गाडी काही सुटली नाही," आई मला म्हणाली.

बाबांनी जन्मभर बस चालवली होती. आमच्या घरासमोर दोन रस्ते एकमेकांना छेदतात. एक शाळेकडून येणारा, अरुंद, दुसरा उताराचा. उतारावरून येणाऱ्या गाड्यांना कोपरा जवळ येईपर्यंत दिसत नाही आणि तिथे 'थांबा'ची पाटीही नाही. म्हणून शाळा सुटायच्या वेळी बाबा कोपऱ्यावर स्टूल टाकून बसत. मुलं आली की उठून झाकण उंच धरत. गाड्या थांबत, मुलं रस्ता ओलांडत, आणि बाबा ड्रायव्हरला मान लववून सोडत.

"काका, थांबलो हं! पावती फाडू नका!" पाण्याचा टँकरवाला खिडकीतून ओरडे.

"आज सोडतो. उद्या फाडतो," बाबा म्हणत.

मी भाषांतराची कामं घरूनच करते. माझं टेबल त्या कोपऱ्यावरच्या खिडकीशी आहे. मजकुरावरून नजर उचलली की खाली बाबांचं टक्कल आणि ते झाकण दिसायचं. त्या वेळेत माझं एक वाक्यही पुढे सरकत नसे.

पाटीसाठी बाबांनी रस्ते विभागाच्या पायऱ्या झिजवल्या होत्या. एकदा पाहणीही झाली. विभागाच्या माणसांनी रस्त्यावर आडवी रबरी नळी ठोकली आणि खांबाला एक पेटी साखळीने बांधली. आठवडाभर ती पेटी गाड्यांचा वेग मोजत राहिली. उत्तर आलं: या चौकात वाहनं मर्यादेत चालतात, पाटीची गरज नाही. त्या शेवटच्या साध्या दिवशीही जेवताना बाबा त्याच विषयावर आले.

"कोपऱ्यावरचे सगळे माझ्या ओळखीचे आहेत गं. ते थांबतात. पण पाटी ओळखीच्यांसाठी नसते. जो पहिल्यांदा येतो ना, त्याच्यासाठी असते."

"भात गार होतोय," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तो पहिल्यांदा येणारा माणूस आला. सामान पोचवणारी व्हॅन होती, डोळ्यांवर ऊन होतं, रस्ता नवा होता. बाबांनी झाकण उंच धरलं होतं. मुलं त्यांच्या पाठीमागे होती, त्यांतल्या एकालाही खरचटलं नाही. मी खिडकीत होते.

दिवसकार्य उरकलं, पाहुणे गेले, आणि एका दुपारी आईने स्टूल उचललं. "त्यांची वेळ झाली," एवढंच म्हणून ती खाली गेली. कोपऱ्यावर स्टूल ठेवलं, त्यावर झाकण टेकवून उभं केलं आणि वर आली. मग रोजच. उतारावरून येणाऱ्या गाड्या त्या रिकाम्या स्टुलापाशी गोगलगायीसारख्या चालत. टँकरवाला तर पुरता थांबायचा. ओरडायचा मात्र नाही.

मी रस्ते विभागात गेले. इंजिनिअर माझ्याच वयाच्या होत्या, सभ्य होत्या. त्यांनी खुर्ची दिली आणि जुन्या पाहणीचे आकडे संगणकावर काढले. बराच वेळ त्या आकडे बघत राहिल्या.

"ताई, एक विचारू? पाटीसाठी आम्ही शाळा सुटायची वेळ धरतो, आणि नेमका त्याच वेळी इथला वेग एकदम खाली आलाय. रोज. त्या आठवड्यात तिथे कुणी उभं होतं का?"

"माझे वडील," मी म्हणाले. "ते रोजच उभे राहायचे."

त्यांनी चष्मा काढला. "आमच्या माणसांनी त्यांना सांगायला हवं होतं, की मोजणी चालू असताना..."

"सांगितलं असतं तरी त्यांनी ऐकलं नसतं. मुलं त्या आठवड्यातही शाळेत जात होती."

अपघात झालाय, आता तरी लावा, असं मी म्हणाले. एका अपघातावरून नियमात बसत नाही, असं त्या म्हणाल्या. म्हणताना त्यांचे कान लाल झाले. पुन्हा मोजणी लावणं एवढंच त्यांच्या हातात होतं.

"पण या वेळी तिथे काही ठेवू नका," त्या म्हणाल्या. "रस्ता जसा आहे तसा दिसू दे."

घरी येऊन मी आईला सांगितलं.

"म्हणजे मी स्टूल ठेवायचं नाही?"

"आठवडाभरच."

"आणि त्या आठवड्यात एखादा भरधाव आला तर?"

"भरधाव आला तरच तो पेटीत नोंदला जाईल ना आई."

"शिकली-सवरलेली माणसं तुम्ही," ती म्हणाली. "कुणी मेल्याशिवाय पाटी नाही. मेला तर एकाने भागत नाही. आणि आता म्हणे, येऊ द्या अंगावर." तिने झाकण पदराने पुसलं. कितीतरी दिवसांनी ते पिठाच्या डब्यावर बसवलं. ते नीट बसेना. उन्हात राहून कडेला वाकलं होतं. तिने वर ताटली ठेवली.

शाळेला सांगून मुलांना मागच्या गल्लीने न्यायचं ठरलं. नळी ठोकली गेली, पेटी बांधली गेली. शाळा सुटायच्या वेळी आई माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. दोघी गज धरून खाली बघत होतो.

गाड्या आल्या. एकही थांबली नाही. नळीवरून चाकं गेली की खट् असा आवाज वरपर्यंत येई. टँकर आला. माझ्या मनात आलं, हा तरी थांबेल. तोही तसाच गेला. स्टूल नव्हतं, झाकण नव्हतं. त्याने तरी कशासाठी थांबायचं? आम्हाला हवं होतं तेच घडत होतं, आणि आईची बोटं गजावर पांढरी पडली होती.

सवयीने एक मुलगी याच वाटेने आली. तिने फुटपाथवरून एक पाय खाली ठेवला, उताराकडे पाहिलं आणि पाय मागे घेतला. मग कोपऱ्याकडे बघत नुसती उभी राहिली. मी हात उचलला. दुसऱ्या मजल्यावरून त्या हाताचा कुणाला काय उपयोग!

"लागेल ना गं पाटी?" आईने विचारलं.

"माहीत नाही, आई."

मुलीच्या समोरून आणखी एक गाडी गेली. खट्.

"मी मेली झाकणावरूनच भांडत राहिले," आई म्हणाली. "झाकणाचं काय एवढं होतं मला!"

मुलगी वळून मागच्या गल्लीकडे गेली. कोपरा रिकामा झाला. मी गजाला कपाळ टेकवलं आणि खाली, ते बसायचे त्या जागेकडे बघून, मोठ्याने म्हणाले, "बाबा, मला भीती वाटायची. रोज. पुरे झालं, आता वर या."