लिफ्टचा शेवटचा अहवाल

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींचा तीस वर्षांचा एकच तोरा होता: एकदा हात लावलेली लिफ्ट पुन्हा बोलवत नाही. आणि या सातमजली इमारतीतून एका महिन्यात अकरावं बोलावणं आलं होतं. बारावं आलं तर घरी बसा, असं साहेबांनी तोंडावर सांगितलं. निवृत्तीला उरले होते सहा महिने.

चूक त्यांचीच. अहवाल सविस्तर लिहा, असं साहेबांनी बजावलं होतं. मिस्त्री सरळ माणूस, त्यांनी खरोखरच सविस्तर लिहिला. लिफ्ट कुठे अडकली, अडकताना तिच्या मनात काय होतं, शेजारच्या सामानाच्या लिफ्टशी, म्हणजे तिच्या जावेशी, तिचा अबोला कधीपासून आहे, सगळं. तो कागद खालच्या फळ्यावर लागला आणि इमारत खुळावली.

पुढचा अहवाल हवा, तर लिफ्ट पुन्हा अडकायला हवी. मग दर दोन-तीन दिवसांनी तिच्या दाराच्या खाचेत काहीतरी सापडू लागलं. कधी बटण, कधी कंगवा, एकदा तर चक्क कवळी. कवळी कुणाची, हे कळायला मार्ग नव्हता, कारण सगळेच तोंड मिटून उभे होते.

"जावा बोलल्या का हो?" चौथ्या मजल्यावरच्या काकूंनी ओठ न उघडता विचारलं.

मिस्त्रींचं डोकं फिरलं. त्यांनी खाच साफ केली, तेल दिलं, लिफ्ट ठणठणीत केली आणि अहवालात तिला मारून टाकलं. जावेनं हाक मारली, पण तोवर उशीर झाला होता.

इमारतीवर अवकळा आली. शोकसभा झाली. लिफ्ट रिकामीच दिवा लावून उभी असायची आणि माणसं मान वळवून जिना चढायची. बारावं बोलावणं आलं नाही. साहेबांनी पाठ थोपटली.

महिन्याने मिस्त्री तेलपाण्याला आले. यंत्राची खोली गच्चीवर होती. काकू कठडा धरून पहिल्या पायरीवर धापा टाकत होत्या. मिस्त्रींना फार वाईट वाटलं.

"काकू, चालू आहे ती. ते सगळं मी मनानंच रचलं होतं."

"हो का? मग तुम्ही जा लिफ्टनं."

मिस्त्रींनी बटणाकडे बोट नेलं. ते तिथेच थांबलं. मग त्यांनी हत्यारांची पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि काकूंच्या मागोमाग सात मजले चढायला सुरुवात केली.