टँकर आला की

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि पावसानं सलग दुसऱ्या वर्षी पाठ फिरवली होती. त्या उन्हाळ्यात परिवीक्षा (प्रोबेशन) अधिकारी महानंदा कांबळेंवर कोर्टानं एक काम सोपवलं. नवऱ्याच्या माराला कंटाळून शरणम्मा सहा वर्षांच्या जगदेवीला घेऊन उदगीरला माहेरी आली होती. नवरा मन्मथ, लातूरचा कापड दुकानदार, मुलीचा ताबा मागत होता. घरातल्या मारहाणीची झळ मुलीला लागली का, हे पाहून सांगायचं होतं.

लातूरला मन्मथनं चहा दिला. कुरबुरी होतात, पण मुलीसमोर आपण कधी आवाजही चढवला नाही, म्हणाला. महानंदाला ते पाठ केल्यासारखं वाटलं. पण उदगीरला जगदेवीही तशीच बोलली. "अप्पा आईचा छळ करतात," एवढंच, तेही आजीकडे, कमलम्माकडे, बघत. 'छळ' हा काही त्या वयाचा शब्द नव्हे. महानंदाला आता दोन्ही घरांचा संशय येऊ लागला.

तिनं आजीला बाहेर बसवलं. भांडणाचा विषय काढलाच नाही. लातूरला पाणी कोण भरायचं, एवढं विचारलं.

"मी. टँकर आला की अप्पा मलाच धाडायचे. सगळी गल्ली तिकडं जाती. मग अप्पा दार लावायचे."

"मग तू?"

"भरलेली कळशी सांडायची."

"का गं?"

"बाया चिडतात. धरून घरी आणतात. मग दार उघडावं लागतंय."

हेही कुणी पढवलं असेल का? महानंदा परत लातूरला त्या गल्लीत गेली. शेजारच्या भामाबाईला मन्मथबद्दल काही न विचारता, पोरगी कशी होती, एवढंच विचारलं.

"लई द्वाड. इथं प्यायला पाणी न्हाई, अन् ही भरली कळशी वतून द्यायची. म्याच बखोट धरून घरी नेलं कितीदा."

"दार कोण उघडायचं?"

"बाप. हसतच."

"आणि आई?"

"आत, भिंतीकडं तोंड करून..." भामाबाई हळूच म्हणाली, "म्या त्या लेकराला शिव्या दिल्या हो, बाई."

कोर्टातही भामाबाईनं हेच सांगितलं. मुलगी आईकडेच राहिली.

निकाल सांगायला महानंदा उदगीरला गेली, तर जगदेवी दाराआडच उभी राहिली.

"तुम्ही अप्पांना सांगितलं?"

"नाही. जजसाहेबांना सांगितलं."

"ते अप्पांच्या ओळखीचे हायत का?"

"नाहीत," महानंदा म्हणाली. जगदेवीनं मान हलवली, पण ती बाहेर आली नाही.