तिथलं तिथंच

फादरांनी फाइल पुढं सरकवली आणि दार लोटून घेतलं.

"इथंच वाचायचं, फ्लोरिना. उतरवून घ्यायचं नाही. यातलं बाहेर कुणापाशी काढायचं नाही. साक्षीदारापाशी तर नाहीच."

तिनं सही केली. लग्न मुळात झालंच नव्हतं असं चर्चनं म्हणावं, म्हणून तिचा अर्ज होता. निकालाआधी साक्षी वाचायला मिळतात, त्यासाठी अठ्ठ्याण्णवच्या मार्चात फाइल बिशप हाऊसमधून कोल्हापुरात आली होती. साक्षीदार तिचा बाप, सांतान बारदेसकर. तो बाहेर चिंचेखाली बसला होता. साक्षीत काय बोलला, घरी त्यानं सांगितलं नव्हतं. इतक्या वर्षांत त्या लग्नाबद्दल एवढंच, "तुझ्या नशिबात न्हवतं, पोरी." दुसरं काहीतरी त्याच्या तोंडून ऐकायला ती थांबली होती.

तिनं वाचलं.

'रोसाच्या दिवशी, लग्नाच्या आदल्या सांजेला, नारळाचं दूध अंगाला लावायच्या आधी, ती माझ्या पाया पडली. म्हणाली, पप्पा, मला न्हाय करायचं. मी तिला आतल्या खोलीत कोंडली. भाईर बायका गात हुत्या, तिचं रडणं कुणाला ऐकू गेलं न्हाय. मला गेलं.'

परत वाचलं. जात्यात बोट सापडावं आणि दुखायचंच राहून जावं, तसं झालं. तिनं फाइल मिटली, फादरांना थँक्यू म्हटलं.

स्टँडवर गडहिंग्लजची गाडी लागायची होती. सांताननं चहा सांगितला.

"काय म्हणलं फादर?"

"सही घेतली."

"माझं काय निघालं न्हाय न्हवं?" बशीत फुंकर घालत तो म्हणाला. "मी आपलं कायबाय बोललोय तिथं. पर फादरला सांगितलं म्हंजे कुमसारच की. पाप सांगायचं, मोकळं व्हायचं. तिथलं तिथंच ऱ्हातंय."

सांगितलेलं टाइप होऊन लेकीपुढं येणार, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"व्हय," ती म्हणाली.

फाइलीतलं बोलायचं नव्हतं. पण तो दिवस तिचाही होता.

"पप्पा, रोसाच्या दिवशी मी आत रडत होते. तुम्हाला ऐकू आलतं?"

त्यानं बशीतली साय बोटानं बाजूला सारली.

"बायका काय कमी वरडत हुत्या व्हय त्या दिवशी," तो म्हणाला. "कुणाचं कोण ऐकतंय."

गाडी आली. म्हातारा गर्दीत घुसला, खिडकीतून रुमाल टाकून त्यानं लेकीची जागा धरली. ती चढली. रुमाल उचलून त्याच्या हातात दिला आणि बसली.