धाकटीसाठी ठेवलेला तिसरा कप

मी एक किटली. इनॅमलची, बाहेरून निळी, आतून पांढरी. सध्या फडताळाच्या सगळ्यात वरच्या फळीवर असते, त्यामुळे बोलायला सवड आहे.

नुसता पत्रा होते तेव्हाचं फारसं आठवत नाही. भट्टी मात्र आठवते. तीनदा रंगात बुडवून तीनदा भाजलं मला. तोटीखाली एक काळा ठिपका राहिला, म्हणून माझी रवानगी दुय्यम मालात झाली. दुकानात ताईंनी मला हातात घेतलं, फिरवून पाहिलं आणि दुकानदाराला त्या ठिपक्याखेरीज आणखी दोन दोष दाखवले. त्यानं विचारलं, डोळे आहेत की भिंगं? ताई हसल्या आणि मलाच घेऊन गेल्या.

छापखान्यात प्रुफं तपासायची त्यांची नोकरी. पुस्तक छापण्याआधी त्यातली चूक न् चूक शोधायची. त्यांना सगळे ताईच म्हणत. घरी दोनच माणसं, त्या आणि त्यांचे वडील, नाना. नानांना दूध सोसत नसे, म्हणून घरात चहा व्हायचा तो लिंबाचा. पितळेच्या भांड्याला आंबट चालत नाही. मला चालतं. त्यामुळे ते काम माझ्याकडे आलं.

ताईंची रीत ठरलेली होती. आधी पाण्यात साखर, चांगली सढळ हातानं, आणि नखावर मावेल इतकं मीठ. खळखळून उकळी आली की आच बंद. मग चहाची पूड बांधलेली कापडी पुरचुंडी आत सोडायची आणि झाकण ठेवायचं. पुरचुंडी काढली की सगळ्यात शेवटी लिंबू. लिंबू पडताच काळपट चहा तांबूस व्हायचा. इतक्या वर्षांत तो क्षण मला कधी जुना झाला नाही. "लिंबू उकळलंस तर चहा कडू होईल," असं त्या धाकटीला बजावायच्या.

धाकटी म्हणजे छापखान्यात नव्यानं लागलेली मुलगी. हाताखालची, म्हणून ताईंनीच ते नाव ठेवलं. सुरुवातीला तिला ऱ्हस्वदीर्घाचाही पत्ता नव्हता. ताई तिला कामावरून थेट घरी आणायच्या, टेबलावर कागद पसरायच्या आणि ओळीवर बोट ठेवून शिकवायच्या. नाना तिची चेष्टा करायचे, तिच्यासाठी बिस्किटं लपवून ठेवायचे. खुंटीवर दोन कप होते, तिथे तिसरा आला. तीन वर्षं ती माझा कान धरून स्वतःच्या हातानं चहा ओतून घेत होती.

एका संध्याकाळी नाना फिरायला गेले होते. ताईंनी लिंबू पिळलं आणि चार बिया माझ्यात पडल्या. त्यांना दिसल्याच नाहीत. धाकटीनं चमच्यानं काढल्या. मग ताई खुर्चीवर बसल्या आणि बोलल्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. एकेका डोळ्याची शस्त्रक्रिया करायची, दोन-अडीच महिने लागणार होते. नाना हाय खातील म्हणून त्यांना एवढ्यात सांगायचं नव्हतं, आणि छापखान्याच्या मालकांना तर नाहीच. तोवर माझ्या प्रुफांवरून तू एकदा नजर फिरवशील का, असं त्यांनी विचारलं.

धाकटीनं त्यांचा हात धरला. "ताई, मी काय परकी आहे? माझ्या तोंडून शब्द निघायचा नाही."

शब्द निघाला नाही, हे खरंच. तिनं लिहून दिलं.

महिनाभर दोघी टेबलाशी बसत होत्या. ताईंकडून सुटलेली चूक धाकटी दाखवायची आणि स्वतःच्या वहीत काहीतरी टिपून घ्यायची. ताईंना वाटे, शिकतेय. मलाही तसंच वाटलं.

मग एके दिवशी ताई भर दुपारी घरी आल्या. नानांनी विचारलं तेव्हा सांगताना त्यांचा आवाज अगदी सपाट होता. मालकांनी सगळ्यांसमोर बारीक टायपाचा एक कागद पुढे केला आणि मोठ्यानं वाचायला सांगितलं. त्यांना तीन ओळीही जमल्या नाहीत. मग मालकांनी यादी काढली, कुठल्या तारखेला, कुठल्या पानावर, कुठली चूक ताईंकडून सुटली. अक्षर धाकटीचं होतं. सोमवारपासून ताईंच्या खुर्चीवर तीच बसणार होती.

नाना म्हणाले, "तिला सांगितलंस. मला का नाही सांगितलंस?"

केसानं गळा कापला होता एकीनं, आणि घाव बसला तिघांना. हो, मी मलाही धरते. त्या मुलीचे गारठलेले हात मी माझ्या पोटाशी कितीदा शेकले होते.

आठवड्यानं धाकटी आली. हातात लिंबांची पिशवी, नजर खाली. मला वाटलं, ताई दार लावून घेतील. त्यांनी तिला बसवलं आणि चहा ठेवला. साखर, मीठ, पुरचुंडी, काही चुकलं नाही. लिंबू मात्र चाचपून पिळलं. कप तिच्यासमोर ठेवला.

धाकटी म्हणाली, पुस्तकांत चुका जात होत्या, कुणीतरी सांगायलाच हवं होतं.

"सांगायचंच होतं तर आधी मला सांगायचंस. मी रजा घेतली असती," ताई म्हणाल्या. "एकच विचारते. इथे बसून माझ्या चुका लिहीत होतीस, तेव्हा हा चहा तुला गोड लागत होता?"

धाकटीनं मान वर केली. "लागत होता, ताई."

ती गेली. कप तसाच भरलेला राहिला, त्यावर साय धरावी तशी धूळ धरेपर्यंत.

ताईंचे दोन्ही डोळे आता बरे झालेत. छापखान्याकडे त्या फिरकल्या नाहीत. दुसऱ्या एका ठिकाणाहून कागद येतात, घरीच तपासतात, एकट्या. दुसऱ्या डोळ्यावरची पट्टी सुटली त्या दिवशी त्यांनी स्वयंपाकघरातली एकेक वस्तू हातात घेऊन पाहिली. माझ्याकडे सगळ्यात जास्त वेळ पाहिलं, आणि मग स्टूल घेऊन मला इथे वर ठेवलं.

खाली आता स्टीलचं पातेलं आहे. बिनलिंबाचा काळा चहा होतो. नाना अर्धा कप तसाच सोडतात.

ताई, धाकटीला तुम्ही उद्या क्षमा करा किंवा कधीच करू नका, तो तुमचा प्रश्न. पण मला कसली शिक्षा? चहा नको असेल तर राहू द्या. एकदा खाली काढा आणि नुसतं पाणी तापवा.