मी पाण्यात उतरत नाही

सोमवारी सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी एका शिंप्याने दुसऱ्या दिवशीचे आपले आतड्याचे ऑपरेशन फोन करून रद्द केले. कारण विचाराल, तर मी.

मित्रांनो, मी एका जुन्या कुपीतली पिवळी भुकटी आहे. एका कडू झुडपाच्या मुळ्या वाळवून, दळून, स्पिरिटमध्ये भिजवून, गाळून, आटवून मला वेगळे काढले. पोतेभर मुळ्यांतून चिमूटभर मी. माझा मुक्काम प्रयोगशाळेच्या फ्रीजरमध्ये असतो. 'येथे खाद्यपदार्थ ठेवू नयेत' या पाटीमागे, कुणाच्या तरी आइस्क्रीमशेजारी.

सहा वर्षे मी काम केले. काचेच्या ताटलीत आतड्याच्या कर्करोगाच्या पेशी वाढवायच्या आणि त्यांवर माझे थेंब सोडायचे. पेशींची वाढ मंदावली. मग उंदीर आले. अठरापैकी अकरांच्या गाठी लहान झाल्या. उरलेल्या सातांना माझे सोयरसुतक नव्हते. माणसावर माझा प्रयोग अजून झालेलाच नाही. गाठ होऊच नये म्हणून माझा उपयोग होईल का, हा प्रश्न तर वहीच्या शेवटच्या पानावर पडून आहे. आणि मूळ अडचण अशी, की मी पाण्यात विरघळत नाही. पोटात गेले तरी रक्तात जेमतेम पोचते. माझ्यावर काम करणारी ताई दोन वर्षे त्यावरच डोकेफोड करते आहे.

ताईने अहवालात लिहिले होते, 'कदाचित उपयोगी ठरू शकेल.' रविवारच्या वर्तमानपत्रात छापून आले, 'आतड्याच्या कर्करोगावर मुळीचा रामबाण'. कदाचित गेले, ताटली गेली, उंदीर गेले. मथळ्यात जागा नसते म्हणे. रामबाणाला बरी मिळाली.

शिंपी हा ताईचा सख्खा काका. तिचा पांढरा कोट त्यानेच शिवलेला. अकरा वाजता तो कात्रण आणि थर्मास घेऊन दारात उभा राहिला. ताई तेव्हा मला तराजूवर ठेवत होती.

"काय आहे त्यात?"

"तुझंच औषध. काकूनं मुळ्या उकळल्यात. कालपासून पितोय. ऑपरेशनला नाही सांगून टाकलं."

"काका, ते पाण्यात उतरत नाही. कितीही उकळा. तुम्ही नुसतं कडू पाणी पिताय."

"कडू आहे ना? मग गुण येणारच."

मी कपाळावर हात मारला असता. मला दोन्ही नाहीत.

"गाठ आत्ता निघेल म्हणालेत डॉक्टर. पसरली तर मग हात टेकतील."

"तू केलंस म्हणून पितोय गं. दुसऱ्या कुणाचं असतं तर तोंडाला लावलं नसतं."

ताईने हातातला चमचा खाली ठेवला. मग म्हणाली, "कच्च्या टाक्यांचा कोट गिऱ्हाइकाला देता तुम्ही?"

"एकदा दिलाय. नवरदेव घाईत होता. नाही उसवला."

"आणि उसवला असता तर?"

"तर परत शिवला असता."

"तुम्हाला परत कुठून शिवू?"

काका कात्रणाची घडी घालत राहिला. ताईने त्याच्यासमोरच रुग्णालयात फोन लावला. वेळ अजून कुणाला दिलेली नव्हती. "उद्या आठला. सहाला उपाशीपोटी हजर व्हायचंय," ती म्हणाली. काका हो म्हणाला नाही. नाहीही म्हणाला नाही. थर्मास मात्र घेऊन गेला.

मित्रांनो, मला गारव्यात आणि अंधारात ठेवा, हे तर आहेच. पण माझ्याविषयी कुणाला सांगाल, तेव्हा तेवढे 'कदाचित' गाळू नका. तो एक शब्द लिहायला ताईला सहा वर्षे लागली आहेत.

काल ती मला तराजूवरच विसरून काकामागे धावत गेली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. रात्रभर मी उघड्यावर आहे.

आज मंगळवार. आठ वाजून चाळीस मिनिटे झाली आहेत. कोट खुंटीवर आहे, ताई आलेली नाही. टेबलावरचा फोन दोनदा वाजून थांबला.