पहिल्या बक्षिसातली चूक

वाचनालयाचा फोन आला तेव्हा धाकटी बाळाशेजारी गाढ झोपली होती, म्हणून तो थोरलीने घेतला आणि तिथेच सगळं हातातून गेलं. वसंत ऋतूवरच्या कवितांच्या स्पर्धेत तुमच्या जाऊबाईंना पहिलं बक्षीस मिळालंय, असं ग्रंथपालबाई म्हणाल्या. फोन ठेवला तशी थोरली थेट जिन्यात गेली. धाकटी डोळे चोळत उठून बसेपर्यंत वरचा मजला, खालचा मजला, कोपऱ्यावरचा शिंपी, सगळ्यांना बातमी पोचली होती.

"काय गं, एका घरात राहून आमच्यापासून लपवतेस?" थोरली दारातूनच म्हणाली. "बरं, कवयित्रीबाई, आता लंगोट कोण बदलणार? की त्यावरही कविताच करणार?"

धाकटी कसनुसं हसली. कारण ती कविता थोरलीवर होती.

दोन वर्षांपूर्वी, झाडांना पालवी फुटायच्या दिवसांत, थोरलीला मुलगा झाला होता. झाला आणि गेला. घरात सगळ्यांना एवढंच माहीत होतं की मूल जन्मलं ते रडलंच नाही. दवाखान्यातून आल्यावर थोरलीने कपाट उघडलं, बाळासाठी शिवून ठेवलेली झबली-टोपडी बाहेर काढली, एकेकाची घडी मोडून पुन्हा घातली, पिशवीत भरली आणि स्वयंपाकघरात येऊन विचारलं, "भाजी कुठली चिरायची?" धाकटी तेव्हा नवी सून होती. अर्धवट लोटलेल्या दारातून तिने ते सगळं पाहिलं होतं. त्यानंतर त्या विषयाला घरात कुणी हात लावला नाही. थोरलीनेही नाही.

मग धाकटीला मुलगी झाली. ही पिटुकली आईपेक्षा थोरलीच्याच खांद्यावर जास्त वाढत होती. पोट दुखतंय की झोप आलीय, हे थोरलीला नुसत्या कुरकुरीवरून कळायचं. धाकटी मात्र रात्ररात्र बाळाच्या नाकाशी बोट धरून श्वास तपासायची, पलंगाच्या कोपऱ्यांना जुन्या चादरी गुंडाळायची, आणि काही सुचेनासं झालं की "ताई" म्हणून हाक मारायची. ताई यायच्याच.

अशाच एका दुपारी, मुलगी मांडीवर झोपलेली असताना, धाकटीने एका हाताने ती कविता लिहिली होती. कॉलेज सुटल्यापासून तिने काही लिहिलं नव्हतं. पुस्तकं परत करायला गेली तेव्हा कागद स्पर्धेच्या पेटीत टाकला. बक्षीस मिळेल असं मनात नव्हतं. ते दुःख आपलं नाही, हेही तेव्हा मनात आलं नव्हतं. आता ते सारखं येत होतं. ताईंनी ही कविता ऐकली तर त्या पिटुकलीला पुन्हा उचलून घेतील का, माझ्याकडे पूर्वीसारख्या बघतील का, एवढंच तिच्या डोक्यात फिरत राहिलं.

"सांगून टाक ना वहिनीला," नवरा म्हणाला.

"काय सांगू? तुमचं मूल गेलं त्याची मी कविता केली आणि मला बक्षीस मिळालं? तूच सांग."

"मी? मी कशाला मधे पडू?" असं म्हणून तो जो मोबाईलमध्ये शिरला तो बाहेर आलाच नाही.

थोरलीने दोन-तीनदा विचारलं, "आधी मला तरी ऐकव." धाकटी म्हणाली, "तिथेच ऐका, मजा येईल." आणि तिने मनाशी ठरवून टाकलं की तिथे दुसरीच कविता वाचायची. फुलांवरची, पाखरांवरची, कुणाला न दुखवणारी. ती तिने घाईघाईत रचून पर्समध्ये घालून ठेवली. ग्रंथपालबाई काही म्हणाल्या तर म्हणोत.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी थोरलीने ठेवणीतली साडी नेसली. नवरा कामावरून परस्पर येणार होता. वाचनालयाच्या पायऱ्यांशी बाबागाडीचं पुढचं चाक अडकलं आणि गाडी मिटेना. "तू बस खटपट करत, मी हिला घेऊन पुढे होते," म्हणत थोरली मुलीला कडेवर घेऊन आत गेली. धाकटीने चाकाशी झटापट केली, बोट चिमटून घेतलं, शेवटी गाडी तशीच उघडी भिंतीशी लावून आत शिरली.

दारापाशीच्या भिंतीवर बक्षीसपात्र कविता मोठमोठ्या अक्षरांत लिहून टांगल्या होत्या. वाचनालयाने या वर्षी हौसेने केलेलं काम. कडेने हिरव्या कागदाची पानं चिकटवलेली. पहिल्या तक्त्यासमोर थोरली उभी होती. पिटुकली तिच्या चष्म्याची काडी ओढत होती आणि चष्मा एका कानावरून सुटून लोंबत होता, तरी थोरलीचं लक्ष नव्हतं.

*बाहेर फांदीफांदीला फुटवा,*
*आत एक बाई घड्या घालते*
*इवल्या झबल्यांच्या, टोपड्यांच्या,*
*एकदाही न रडता*
*दारातूनच परतलेल्या पाहुण्याच्या.*

खाली आणखी दोन कडवी होती. पर्समधला कागद आता काही कामाचा नव्हता.

थोरलीने चष्मा नीट बसवला, मागे वळून पाहिलं आणि म्हणाली, "चल, जागा धरू या. पुढच्या रांगा भरताहेत."

आवाजात काही नव्हतं. तेच धाकटीला सोसेना. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

सभागृह म्हणजे वाचनालयाचीच मोठी खोली. मासिकांची टेबलं कडेला सारून खुर्च्या मांडल्या होत्या. स्वागत झालं, आभाराआधीच आभार झाले. मग तिसऱ्या बक्षिसाचे मानकरी आले, दातांचे डॉक्टर. त्यांच्या कवितेत प्रत्येक कळी हसत होती आणि हसताना तिचे दात दिसत होते. मागून कुणीतरी म्हणालं, "धंदा सुटत नाही माणसाचा," आणि दोन रांगा खुदखुदल्या.

"ताई," धाकटी कुजबुजली, "मी नाही वाचत. आपण घरी जाऊ."

"गप बस. लोक बघताहेत."

"मी तुम्हाला विचारायला हवं होतं."

"हवंच होतं." थोरली समोरच बघत होती, हात पिटुकलीच्या पाठीवरून फिरत होता. "माझं आहे ते. तुझं नाही."

"विचारलं असतं तर?"

"नाही म्हणाले असते."

व्यासपीठावर दुसऱ्या बक्षिसाची आजीबाई कागद चष्म्याच्या जवळ नेत, लांब नेत वाचायला लागली. तिची कविता लांबलचक होती. बऱ्याच वेळाने थोरली पुन्हा बोलली, इतकं हळू की धाकटीला कान तिच्याकडे न्यावा लागला.

"ती ओळ चुकीची आहे."

"कुठली?"

"न रडता. रडला होता तो. एकदा."

"पण सगळे तर म्हणतात..."

"सगळे बाहेर बसले होते. मी आत होते." थोरलीने मुलीचा पाय मोज्यात नीट घातला. "रडला आणि थांबला. मी डॉक्टरांना म्हटलं, मी आवाज ऐकला. ते म्हणाले, बाई, तुम्ही थकलाय, भास झाला असेल. घरी आले तर सासूबाई कुणाला तरी सांगत होत्या, बिचारं एकदाही रडलं नाही. मग मी बोललेच नाही. बोलले असते तर सगळे म्हणाले असते, हिच्या डोक्यावर परिणाम झाला."

"दादांनाही नाही सांगितलं?" धाकटीने थोरल्या दिरांबद्दल विचारलं.

"त्यांना काय सांगायचं? ते कसेबसे झोपायला लागले होते."

आजीबाईची कविता संपली. टाळ्या वाजल्या. ग्रंथपालबाई पहिल्या बक्षिसाबद्दल बोलू लागल्या: परीक्षकांचं एकमत, वसंतावर लिहिताना फुलाचा उल्लेखही न करण्याचं धाडस, वगैरे. धाकटीला त्यातला शब्द न् शब्द अंगावर आल्यासारखा वाटला.

"ताई, काय करू? तुम्ही सांगाल तसं. दुसरी कविता आहे माझ्याकडे."

"आता भिंतीवर टांगलीय ना? येणारा-जाणारा वाचतोय." थोरली पहिल्यांदाच तिच्याकडे वळली. डोळे कोरडे होते. "वाचायचीच असेल तर बरोबर वाच. तो आला नव्हता असं लिहू नकोस. आला होता."

धाकटी उठली. फुलांची कविता पर्ससकट खुर्चीवरच राहिली. कागद नव्हता, तशीही ती कविता तिला पाठ होती. पहिल्या रांगेत नवरा कधी येऊन बसला होता कोण जाणे. त्याने अंगठा दाखवला आणि लगेच मागे वहिनीकडे पाहून हात खाली घेतला.

तिने वाचली. झबल्यांपाशी आल्यावर ती थांबली. पाण्याचा पेला कुणीतरी पुढे केला, तो तिने घेतला नाही.

*एकदाच रडून*
*दारातूनच परतलेल्या पाहुण्याच्या.*

परीक्षकांनी हातातल्या कागदावर बोट ठेवलं, पुन्हा वर पाहिलं. एक जण शेजारच्याला काही दाखवू लागला. धाकटीने पुढची कडवी वाचली, शेवटपर्यंत वाचली. टाळ्या उशिरा सुरू झाल्या आणि मग बराच वेळ थांबल्या नाहीत. थोरलीने टाळ्या वाजवल्या नाहीत. तिच्या मांडीवर मूल होतं, आणि ती त्याच्या डोक्यावर गाल टेकवून बसली होती.

प्रमाणपत्र देताना ग्रंथपालबाईंनी हळूच विचारलं, "एक ओळ बदललीत का? आमच्याकडे वेगळं छापलंय."

"हो. माझी चूक होती."

"अहो, पण आधीची जास्त..." बाई शब्द शोधत राहिल्या. "जास्त चटका लावणारी होती."

"असेल. पण खरी नव्हती."

चहाच्या टेबलाशी गर्दी झाली तेव्हा नवऱ्याने पिटुकलीला घेतलं आणि दूर खिडकीशी जाऊन उभा राहिला. आपण मधे पडू नये हे त्याला या वेळी बरोबर सुचलं. दातांचे डॉक्टर धाकटीचं अभिनंदन करायला आले, म्हणाले, "फार वेगळं लिहिलंत, काल्पनिक आहे की..." धाकटी काही बोलायच्या आत थोरली म्हणाली, "घरातलं आहे." डॉक्टर मान हलवून बिस्किटांकडे वळले.

मग थोरलीने ग्रंथपालबाईंच्या टेबलावरचा जाड पेन उचलला आणि धाकटीच्या हातात दिला.

"जा. दुरुस्त कर."

दोघी दाराशी आल्या. 'एकदाही न' वर धाकटीने रेघ मारली. रेघ वाकडी गेली. वर जागा कमी होती, म्हणून 'एकदाच' थोडं तिरकं बसलं. 'रडता' खोडून 'रडून' केलं. थोरली शेजारी उभी राहून अक्षर न् अक्षर बघत होती.

"मी अजून रागावलेय तुझ्यावर," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"लवकर जायचा नाही हा राग."

"नका जाऊ देऊ."

आत कुणीतरी खुर्च्या आवरायला घेतल्या होत्या. धाकटीने पेनाचं टोपण लावलं. विचारू की नको, असं करता करता तिने विचारलंच.

"ताई, आवाज कसा होता त्याचा?"

थोरलीने तिच्याकडे पाहिलं. हा प्रश्न तिला आजवर कुणी विचारला नव्हता, हे तिच्या चेहऱ्यावर दिसलं. ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली, डोळे मिटले, बराच वेळ ऐकत राहिली.

"बारीक नव्हता," ती म्हणाली. "सगळ्यांना वाटेल बारीक असेल. चांगला खणखणीत होता. भूक लागल्यासारखा."